बंदूक गेली, खतावणी राहिली : ‘सबनॉटिका’ आणि शोधमोहिमांचा इतिहास

एका व्हिडिओ गेमचा नायक परग्रहावरच्या अथांग समुद्रात एकटा तग धरतो, जीवघेण्या रोगातून बरा होतो, स्वतःच्या हाताने रॉकेट बांधून त्या ग्रहावरून निसटतो. आणि घराजवळ पोहोचताच त्याला कळवले जाते, की एक लाख कोटींची थकबाकी चुकती केल्याशिवाय उतरण्याची परवानगी मिळणार नाही.

हा खेळ म्हणजे ‘सबनॉटिका’. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अननोन वर्ल्ड्स’ या कंपनीने तो १६ डिसेंबर २०१४ रोजी अपूर्ण अवस्थेतच विक्रीस ठेवला आणि २३ जानेवारी २०१८ रोजी पूर्ण रूपात प्रकाशित केला. त्यात बंदूक नाही, ही गोष्ट विशेष गाजली. त्या निर्णयाचा इतिहास या धाग्यात आहेच. मात्र अधिक विचार करण्याजोगा प्रश्न पुढचा आहे : शोधप्रवासाच्या तीनशे वर्षे जुन्या कथेतून बंदूक वजा केली, तर बाकी काय उरते? (खेळाचा शेवट वर फुटलाच आहे, खाली आणखी फुटणार आहे. ज्यांना तो स्वतः अनुभवायचा आहे त्यांनी येथूनच परतावे.)

‘अरोरा’ नावाचे अवकाशयान ‘४५४६बी’ या जवळजवळ पूर्ण जलमय ग्रहावर कोसळते. खेळाडू पाच क्रमांकाच्या जीवरक्षक कुपीत शुद्धीवर येतो, आग विझवतो, वरचे झाकण उघडून बाहेर डोकावतो. चहूकडे पाणी, आणि दूरवर जळणारे जहाज. खेळ प्रथमपुरुषी दृष्टीचा असल्याने नायकाचा चेहरा समोर येत नाही. दिसतात ते त्याचे हात. पडद्याच्या कोपऱ्यात प्रकृती, अन्न, पाणी आणि प्राणवायू यांचे आकडे सतत उतरत असतात. पहिल्या बुडीला ४५ सेकंदांचा श्वास मिळतो. तेवढ्या वेळात तळाचा खडक फोडून टायटॅनियम किंवा तांबे काढायचे, ‘ब्लॅडरफिश’ हा मासा पकडायचा, कारण त्याच्यापासून पिण्याचे पाणी तयार होते, आणि छाती फुटण्यापूर्वी पृष्ठभाग गाठायचा. हवेची साधी टाकी बनवली की ४५ चे ७५ सेकंद होतात, आणि या तीस सेकंदांचे अप्रूप पुढे मिळणाऱ्या पाणबुडीपेक्षाही अधिक वाटते.

नकाशा खेळाच्या शेवटपर्यंत मिळत नाही. होकायंत्रही स्वतःच बनवावे लागते. तोवर जळत्या जहाजाची दिशा आणि तळाच्या रंगातला बदल याच खुणा. प्रवासाची दिशाही क्षितिजाकडे कमी आणि खाली अधिक आहे. उथळ प्रवाळांत सूर्यप्रकाश असतो, केल्पच्या जंगलात तो हिरवट होतो, आणि कड्यापलीकडे निळ्याचा काळा होतो. जहाजाच्या पुढच्या भागाजवळ ‘रीपर लेव्हायथन’ फिरत असतो. त्याची गर्जना आधी ऐकू येते, आकृती नंतर दिसते, आणि हातात असते एक सुरी.

ही सुरी तिथे का आहे आणि बंदूक का नाही, याला खेळातच एक कारण दिले आहे : ‘ओब्रॅक्सिस प्राइम’ येथील हत्याकांडानंतर तग धरण्याच्या साहित्यातून सर्व शस्त्रांचे आराखडे वगळण्यात आले, अपवाद फक्त सुरीचा. हे काल्पनिक कारण एका खऱ्या घटनेवर बेतल्यासारखे आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात सँडी हूक प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने २० मुले आणि ६ प्रौढ कर्मचारी यांची हत्या केली. ‘अननोन वर्ल्ड्स’चा ‘नॅचरल सिलेक्शन २’ हा गोळीबाराचा खेळ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर बाजारात आला होता आणि पुढच्या खेळाचा आराखडा मनात आकार घेत होता. शस्त्रे का नाहीत, असे खेळाडूंनी पुढे विचारले, तेव्हा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड याने याच हत्याकांडाकडे बोट दाखवले. जगात आणखी बंदुकांची भर घालणे आपल्याला जमेना, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

त्या काळाचा बाजार लक्षात घेतल्याशिवाय या निर्णयातली जोखीम कळत नाही. २०१२ साली ‘डेझी’ आणि २०१३ च्या डिसेंबरात ‘रस्ट’ या खेळांनी ‘सर्व्हायव्हल’ या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली होती, आणि दोन्हींत उपासमारीपेक्षा मोठे भय दुसऱ्या खेळाडूच्या बंदुकीचे होते. तग धरणे म्हणजे आधी गोळी झाडणे, हे समीकरण खेळाडूंच्या अंगवळणी पडत होते. ‘सबनॉटिका’ने ते मोडले. प्राण्यांना क्षणभर गोठवणारे एक यंत्र त्यात मिळते, आणि चिकाटीचे लोक ते वापरून सुरीने रीपरही मारतात. पण मेलेल्या रीपरकडून काहीही मिळत नाही. ना कातडे, ना गुण. शिकारीला बक्षीस न ठेवणे हे शस्त्र काढून घेण्याहून अधिक परिणामकारक ठरले असावे. रीपरची हद्द कुठून सुरू होते, तो कोणत्या आवाजाला वळतो, कोणत्या वेळी इंजिन बंद ठेवावे, हे शिकणे एवढाच मार्ग उरतो.

नायकाचे नाव रायली रॉबिन्सन. ‘बिनमहत्त्वाच्या यंत्रणांचा देखभालप्रमुख’ असा त्याचा हुद्दा आहे, हा लेखकांचा खट्याळपणा. आडनावाचा इशारा मात्र उघड आहे.

डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागची एक प्रेरणा म्हणून अलेक्झांडर सेल्कर्क या स्कॉटिश खलाशाकडे पाहिले जाते. चिलीच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या हुआन फर्नांडेस द्वीपसमूहातील एका बेटावर तो १७०४ ते १७०९ अशी चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला. त्याची सुटका करणाऱ्या वुड्स रॉजर्सने नोंदवून ठेवले आहे, की दारूगोळा संपल्यावर सेल्कर्क रानबकऱ्यांचा पायी पाठलाग करून त्यांना पकडू लागला होता. म्हणजे खरा एकांतवासी अखेरीस बंदुकीवाचूनच जगला. डिफोने आपल्या नायकाच्या हाती ती पुन्हा दिली. क्रूसो फुटक्या जहाजावर तराफ्याने पुन्हा पुन्हा जाऊन बंदुका, पिस्तुले आणि दारूची पिंपे उतरवून आणतो. फ्रायडेशी त्याचे नातेही बंदुकीच्या आवाजानेच सुरू होते.

बंदुकीइतकीच महत्त्वाची आणखी एक वस्तू क्रूसोजवळ आहे, आणि वाचकांचे तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते : हिशेब. आपल्या दशेतले बरे आणि वाईट तो जमा-नावे मांडावे तसे दोन रकान्यांत लिहितो. जहाजावर नाणी सापडतात तेव्हा या निर्जन बेटावर त्यांचा काय उपयोग, असे म्हणून तो त्यांना हिणवतो. मग पुनर्विचार करून बरोबर घेतो. हा प्रसंग अख्ख्या कादंबरीचे सार मानावा इतका नेमका आहे. तो बेटावर येऊन पडला, तेच मुळी ब्राझीलमधील आपल्या मळ्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघाला असताना. अठ्ठावीस वर्षांनी परततो, तेव्हा त्या मळ्याचे उत्पन्न साठून तो श्रीमंत झालेला असतो. त्या सगळ्या वर्षांत खतावणी चालूच होती.

पहिला रॉबिन्सन धनवान होऊन परतला, दुसरा कर्जबाजारी होऊन. या फरकाकडे परत यायचेच आहे; तत्पूर्वी वाटेत एक बेट लागते, आणि ते वगळून चालणार नाही.

ज्यूल व्हर्नची ‘द मिस्टीरियस आयलंड’ १८७४-७५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. अमेरिकन यादवीत रिचमंडमधून बलूनने पळालेले पाच जण एका अज्ञात बेटावर आदळतात. क्रूसोसारखे सामानाने भरलेले जहाज त्यांच्यापाशी नसते. अभियंता सायरस स्मिथ घड्याळाच्या दोन काचांमध्ये पाणी भरून भिंग तयार करतो आणि अग्नी मिळवतो. मग विटा, भांडी, लोखंड, आम्ले, अखेर नायट्रोग्लिसरीन. एका वस्तूतून दुसरी, दुसरीतून तिसरी ही आजच्या ‘क्राफ्टिंग’ची साखळी येथे जवळजवळ जशीच्या तशी सापडते. तथापि काही काळाने किनाऱ्यावर एक पेटी येते. तीत हत्यारे, उपकरणे, पुस्तके असतात; आणि बंदुकाही.

पेटी धाडणारा कॅप्टन नेमो. याच कादंबरीत त्याची ओळख उलगडते : बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा पुतण्या आणि १८५७ च्या लढ्यातला पराभूत योद्धा. (व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलिश होता, रशियातील विक्री बुडेल म्हणून प्रकाशक एत्झेलने मोडता घातला.) ज्यांच्या घरी ‘झाशी’ हा शब्द उच्चारला की १८५७ आठवते, त्या मराठी वाचकांना या निवडीतली खोच चटकन कळेल. पाच अमेरिकन त्या बेटाला लिंकनचे नाव देतात, स्वतःला वसाहतकार म्हणवतात, बेट आपल्या देशाला अर्पण करण्याचे मनसुबे रचतात. आणि त्यांचा अदृश्य पाठीराखा असतो तो परकी सत्तेपायी मायभूमी गमावलेला माणूस. म्हातारा, मरणोन्मुख, समुद्राखालच्या गुहेत अडकून पडलेला.

‘सबनॉटिका’च्या अखेरच्या टप्प्यात याच आकृतीची आठवण होते. लाव्ह्याच्या प्रदेशात, एका लुप्त परग्रहीय संस्कृतीने बांधलेल्या प्रयोगशाळेत, ‘सी एम्परर’ नावाचा वृद्ध महाकाय जीव शतकानुशतके कैद आहे. ग्रहावर पसरलेल्या ‘खारा’ या जीवाणूवरचे औषध त्याच्या पिल्लांच्या शरीरात तयार होते. अंडी उबवून पिल्ले मुक्त केल्याखेरीज ते मिळत नाही. शेवटच्या राक्षसाला ठार मारण्याचा प्रसंग जिथे येतो, नेमक्या त्या जागी खेळाडूच्या वाट्याला सुइणीचे काम येते. बंदूक नाकारण्याचा निर्णय येथे खऱ्या अर्थाने फळाला आलेला दिसतो.

येथे एक दुरुस्ती करायला हवी. ग्रहावर एक तोफ आहे, फक्त ती ग्रहाची आहे. ‘अरोरा’ पाडले ते तिनेच. खाराचा संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून त्या लुप्त संस्कृतीने विलगीकरणासाठी ती उभारली होती, आणि खेळाडू रोगमुक्त झाला तरच ती बंद करता येते. १३७७ साली रागुसा या बंदराने साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर रोखण्याचा नियम केला, तेव्हापासूनच्या इतिहासात इतका निर्दय पहारेकरी आढळायचा नाही.

तोफ आणि रोग यांचे कोडे सुटते ते कागदपत्रांतून. दहा वर्षांपूर्वी याच ग्रहावर ‘डेगासी’ हे जहाज कोसळले होते. त्यातून वाचलेल्या तिघांचे उजाड तळ आणि ध्वनिमुद्रित नोंदी ठिकठिकाणी सापडतात : हुकूम सोडणारा व्यापारी पॉल टॉर्गल, जीवसृष्टीचा अभ्यास करणारा त्याचा मुलगा बार्ट, आणि प्रत्येक संकटाला अंगावर घेणारी मार्गरिट. नोंदी तुटक आहेत, क्रमाने मिळत नाहीत, आणि प्रत्येकाची बाजू निराळी आहे. एक तळ तरंगत्या बेटावर, दुसरा त्याहून खोल, तिसरा आणखी खोल; हे लोक खाली का सरकत गेले, याचे उत्तर तिन्ही साक्षी ताडून पाहिल्यावरच मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे काम ओळखीचे वाटेल. पुराभिलेखागारातही दप्तरे कधी हव्या त्या क्रमाने हाती लागत नाहीत.

खेळातली खोलीही इतिहासाशी जुळवून पाहण्यासारखी आहे. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रातील निरीक्षणांवरून मांडले, की सुमारे ५५० मीटरखाली जीवसृष्टी नसावी. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या मोहिमेने हजारो नव्या जाती वर काढून तो समज पुरता मोडला. १५ ऑगस्ट १९३४ रोजी विल्यम बीबी आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ ९२३ मीटरपर्यंत उतरले. खिडकीतून दिसणारे चमकते जीव बीबी दूरध्वनीवरून वर सांगत होता आणि पुष्कळ शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसेना. खेळातल्या ‘सीमॉथ’ या छोट्या पाणबुडीची कमाल मर्यादा ९०० मीटर आहे. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’मधून मारियाना गर्तेच्या तळाशी पोहोचले, सबनॉटिकाच्या पूर्ण प्रकाशनाची तारीखही २३ जानेवारीच. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे २५०० मीटर खोलीवर ‘ॲल्विन’ पाणबुडीतल्या भूवैज्ञानिकांना उष्ण झऱ्यांभोवती नांदणारी जीवसृष्टी अचानक सापडली. बरोबर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता आणि नमुने टिकवायला पुरेसे रसायन नव्हते. काही नमुने म्हणे व्होडकात ठेवावे लागले.

या सगळ्या मोहिमांत बंदुकीचे काहीच काम नव्हते. समुद्रतळावर जिंकण्याजोगे कोणी राहत नाही. तरीही ‘चॅलेंजर’च्या जाळ्यात १८७३ च्या फेब्रुवारीत आलेल्या एका वस्तूने पुढे बऱ्याच सरकारांची झोप उडवली : बटाट्याएवढ्या काळ्या गोट्या. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट.

आता रायली रॉबिन्सनच्या बिलाकडे परतता येईल. ‘अरोरा’ हे ‘अल्टेरा’ नावाच्या महामंडळाचे जहाज. खेळाच्या ऐन मध्यावर हातातले यंत्र आठवण करून देते, की येथे काढलेली खनिजे अल्टेराच्या मालकीची असून त्यांचे मूल्य भरावे लागेल. खेळाडू हसतो आणि पुढच्या खडकाकडे वळतो. जीव वाचवण्यासाठी त्याने फोडलेला एकेक दगड कुठेतरी त्याच्या नावे लिहिला जात असतो. शोधप्रवासाच्या इतिहासात हे नवे नाही. कोलंबसने पाल उभारण्यापूर्वीच, १७ एप्रिल १४९२ रोजी, सांता फे येथे स्पेनच्या राजसत्तेशी करार केला होता. मिळतील ती मोती, रत्ने, सोने, चांदी, मसाले यांतला दहावा हिस्सा त्याचा. अजून दिसलेल्याही नसलेल्या किनाऱ्यांची वाटणी अशी आधीच कागदावर झाली होती. ३१ डिसेंबर १६०० ची ईस्ट इंडिया कंपनीची सनद त्याच परंपरेतली. बंदूक त्या कागदांच्या मागून चालत आली.

विनोद झकास आहे, आणि बोचराही. पण खेळ स्वतः त्यातून सुटतो का? खेळाडूला पहिला खरा आनंद मिळतो तो टायटॅनियमने भरलेली कपाटे पाहून. एकदा फोडलेला खडक पुन्हा उगवत नाही, त्यामुळे वीस-पंचवीस तासांनंतर तळाभोवतीचा समुद्र बोडका झालेला असतो. जीवसृष्टीविषयी इतका आदर शिकवणारा खेळ खनिजांबाबत मात्र निःशंक आहे. तिथे पाहणे, मोजणे आणि उचलणे ही एकच क्रिया आहे. २०२१ च्या ‘बिलो झीरो’ या पुढच्या भागात अल्टेराच त्या ग्रहावर तळ ठोकून बसलेली दिसते. खाराचा नायनाट करण्यापेक्षा त्याचा वापर करून घेण्यात तिला रस असतो.

त्या काळ्या गोट्यांची गोष्ट गोव्यापर्यंत येते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली, की राष्ट्रीय सीमांपलीकडचा समुद्रतळ अखिल मानवजातीचा सामायिक वारसा मानावा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ते तत्त्व नोंदले गेले. दरम्यान २६ जानेवारी १९८१ रोजी, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मोहिमेत ‘गवेषणी’ जहाजाने या गोट्यांचा भारताचा पहिला नमुना वर काढला. १९८७ मध्ये भारताला ‘अग्रणी गुंतवणूकदार’ हा दर्जा आणि मध्य हिंद महासागरातले दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. नियमानुसार त्यातले निम्मे पुढे परत करावे लागले. आता ‘समुद्रयान’ मोहिमेत ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीतून तीन माणसांना ६००० मीटर खोलवर नेण्याची तयारी चालू आहे.

त्या ७५,००० चौरस किलोमीटरांत भारताला सध्या शोध घेण्याचा हक्क आहे, उत्खननाचा नाही. उत्खनन कोणी, किती आणि कोणाला काय देऊन करावे, याची नियमावली ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी २०२५ सालीही संपलेल्या नव्हत्या.